सुनेची उजळणी

परदेशातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी हवी, तर इंग्रजीची परीक्षा देणं भाग होतं, आणि सुनेचं घोडं अवघड शब्दांपाशी अडत होतं. तिने कार्डं केली. पुढे शब्द, मागे मराठी अर्थ. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून शब्दाखाली उच्चारही मराठीत लिहिला. रोज सकाळी सून डबे भरायची आणि सासूबाई एकेक कार्ड धरून विचारायच्या. ती अडखळली की मागचा अर्थ मोठ्याने वाचायच्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलण्याचा सराव होता. मोबाइलवर विषय आला, 'ज्या व्यक्तीशी तुमचं पटत नाही तिच्याविषयी सांगा'. सासूबाई समोरच मटार सोलत होत्या. सुनेने खिडकीकडे बघत बिनधास्त सुरुवात केली. ऑब्स्टिनेट झालं, पार्सिमोनियस झालं. मग आपण परदेशी गेल्यावर आपल्या छोट्या लेकीला कोण बघणार ते आठवलं, आवाज कापरा झाला, आणि इनडिस्पेन्सेबल म्हणून ती थांबली.

"हट्टी आहे मी," सासूबाई मान खालीच ठेवून म्हणाल्या. "चिकट मात्र नाही. आणि 'जिच्यावाचून अडतं' तो शब्द उद्या आधी घे. शेवटापर्यंत तुझा आवाज टिकत नाही."

सुनेचा चेहरा पडला. "आई, तुम्हाला सगळं कळलं?"

"सगळं कुठलं? सोपं बोलली असतीस तर काहीच कळलं नसतं. मला अवघडच तेवढं येतं."