पिल्लं घरी पोचायच्या आधी

देवगडच्या रिकाम्या घरात जानकीआजी दुपारी आंब्याची साठं उन्हात घालून कुत्र्यांच्या कार्टूनची सीडी लावायची. नातू विनीत लहानपणी मेच्या सुट्टीत तिच्या मांडीवर बसून हाच सिनेमा बघायचा. कुत्री काय बोलतात ते मालवणीत सांगायचा. आता तो पुण्यात नोकरीला होता. हरवलेली पिल्लं घराच्या वाटेला लागली की चरे पडलेली सीडी तिथेच अडकायची. मग आजी विनीतला फोन करायची, ‘पिल्लां घराक पोचली रे?’ एरवी ‘बरो आसंय’ म्हणून फोन ठेवणारा विनीत ती गोष्ट मात्र रंगवून सांगायचा. आज शेजारची नम्रता मोबाइल घेऊन आली. ‘आजी, ह्येच्यात अख्खो पिच्चर आसा. शेवट बघ.’ आजीने सीडी पदराने पुसून डब्यात ठेवली. ‘नको गो. शेवट माका तोंडपाठ आसा. तो बघलंय तर विनीताक फोन करून काय इचारू?’