बेचाळीस ठोके

बेचाळीस!

केशोराव वैद्यांनी नवंकोरं खिशातलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं. देवचंद पायातला काटा काढायला आला होता. त्याची नाडी त्यांनी पुन्हा मोजली. मिनिटाला बेचाळीसच. गावात कोणाचीच सत्तरच्या खाली नव्हती.

"मले का झालं, वैदजी? रोज धावून राहिलो ना!" देवचंद म्हणाला. सहा वर्षं तो टपालाची थैली घेऊन कामठ्याहून गोंदियाच्या गाडीपर्यंत चार कोस धावत होता. गाडी एकदाही चुकली नव्हती.

"मरणाऱ्याची नाडी अशी चालते, बेट्या! धावनं बंद कर, खाट धर."

बायकोचा, शांतीबाईचा, चेहरा पाहून त्यानं खाट धरली. त्याच्या जागी त्याचा भाऊ धावू लागला. दर सोमवारी वैद्य येऊन मोजायचे. पन्नास. अठ्ठावन्न. पासष्ट. आकडा चढला की शांतीबाई आळीत गूळ वाटायची.

दोन महिन्यांनी बहात्तर भरले. "झाला ठणठणीत!" वैद्यांनी पाठ थोपटली.

दुसऱ्याच दिवशी देवचंद थैली घेऊन निघाला. दोन कोसांत छातीचा भाता झाला, तो मोहाच्या झाडाखाली बसला आणि तिकडे गाडी शिटी देऊन निघूनही गेली. पोस्टमास्तर म्हणाले, "उद्या चुकली तर परवा येऊ नको."

संध्याकाळी तो धापा टाकत वैद्यांच्या दारात उभा. वैद्यांनी लगबगीनं घड्याळ काढलं.

"मोजू नका, वैदजी," देवचंदनं हात मागे घेतला. "माहा तो आजार तेवढा परत द्या."