सगळ्या दारांना एकच

संध्याकाळची हजेरी झाल्याबरोबर आफिया खोलीत आली, दार लावलं आणि पलंग ओढत आणून दाराला टेकवला. दारावर तिच्याच कंपनीचं इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं. सातपूरच्या या महिला वसतिगृहात प्रत्येक खोलीला तेच होतं, तेही तिच्या शब्दावर. नवी कुलपं बसल्यावर रेक्टर छायाताईंनी जुन्या कड्या काढून टाकल्या होत्या.

फोन वाजला. कंपनीचे मालक, राकेशसर.

“तो मेल उडवलास ना?”

“सर, त्या माणसाने आकडा बरोबर लिहिलाय. शेवटच्या अंकापर्यंत.”

कुलपाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गुप्त आकडा असतो. तो ज्याच्या हाती लागला, त्याला मोबाइलवरून दार उघडता येतं. प्रत्येक कुलपाचा आकडा वेगळा हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं की सर्व्हिसवाल्याची धावपळ नको, म्हणून सगळ्यांत एकच घालायचं ठरलं. तात्पुरतं. घातला आफियाने. आता कुणीतरी भंगारातलं एक कुलूप खोलून तो बाहेर काढला होता आणि कंपनीला मेल करून कळवला होता.

“निदान इथल्या मुलींना तरी सांगू द्या, सर.”

“सांग की. मग आकडा कुणी घातला, तेही मला सांगावं लागेल. पोलीस आधी तुझ्याच अब्बांच्या दारात जातील.”

फोन बंद झाला. आफियाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दारावर टकटक झाली. तिने घाईघाईने पलंग बाजूला सारला. शेजारच्या खोलीतली तेजल होती, तिच्या कारखान्याचा युनिफॉर्म घालून.

“मी नाइटला चाललेय गं. सुट्टीत माझी धाकटी बहीण आलीय, खोलीत एकटीच आहे. जरा लक्ष ठेवशील?”

“तिला माझ्याकडेच झोपायला पाठव ना,” आफिया पटकन म्हणाली.

“कशाला? घाबरत होती आधी. मग मी म्हटलं, हे कुलूप आमच्या आफियाने बनवलंय. आता मजेत पडलीय मोबाइल बघत.”

आफियाने तोंड उघडलं. अब्बांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

“ठेवते लक्ष,” ती म्हणाली.

तेजल जिना उतरून गेली. व्हरांड्यातली दारं एकामागून एक लागू लागली, आणि प्रत्येक कुलूप बारीक टिंग करून गप्प होत गेलं.