झऱ्याची वाट

धाकू देवराईतल्या झऱ्यातला पाचोळा काढत होता. देवाच्या पाण्यापाशी पायताण चालत नाही, म्हणून वहाणा त्याने खालीच काढल्या होत्या. तेवढ्यात बागेच्या मालकांचा मुलगा दोन शहरी माणसांना घेऊन वर आला.

ही वाट राखणदार धाकूच्या घराण्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मे महिन्यात मुलगा एकटाच आला होता. "धाकूकाका, एकदा झरा दाखवा," म्हणाला. अनवाणी चढला, ओंजळभर पाणी प्यायला, डोळे पुसले. राईला वारस मिळाला, असं धाकूला वाटलं होतं.

आज सकाळी फाटकावर पाटी लागली: बाग आणि जंगल विकणे आहे. बारमाही झरा. रिसॉर्टला उत्तम.

धाकूचे अनवाणी पाय बघून पाहुण्यांतला एकजण बुटाची नाडी सोडायला वाकला.

"राहू द्या हो," मुलगा बुटांसकट पाण्यात उतरला. "या लोकांचं असतं काहीतरी."