रोममधली पावलं

रोमच्या चौकात तीनशे माणसं चालत होती आणि सगळी पावलं तिच्या बाबांची होती.

पडद्यावर कालयंत्राचं दार उघडलं. चंदेरी पोशाखातला प्रवासी बाहेर आला आणि आ वासून बघत राहिला. मालिकेचा हा भाग अडतीस वर्षांपूर्वीचा. रोम प्लायवुडचं होतं, चालण्याचा आवाज पोकळ यायचा. म्हणून पावलांचे आवाज बाबांनी नंतर स्टुडिओच्या याच खोलीत दिले होते, पडद्याकडे बघत, एकेका माणसासाठी वेगळं चालून. सैनिकासाठी खिळ्यांचे बूट. गुलामासाठी अनवाणी. सम्राटासाठी मऊ चामडं, आणि कुठेही जायची घाई नाही.

ती मात्र बाबांचा आवाज शोधायला आली होती. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. उभा जन्म माइकसमोर काढलेला माणूस, पण त्याचं एक वाक्य कुठे मुद्रित नव्हतं. एखाद्या रिळाच्या सुरुवातीला निदान 'चालू करा' तरी असेल, एवढीच आशा.

"पोरी, उगाच वाट बघू नकोस," बाबांचे जुने सोबती, ध्वनिमुद्रक काका म्हणाले. "तुझ्या बापाची पावलंच काय ती बडबडी. तोंडाला कायमचं कुलूप."

शेवटचं रीळ लागलं. एक म्हातारा चौक ओलांडत होता. काकांनी बाकीचे आवाज बंद केले.

डावा पाय घासत आला. थांबला. उजवा टेकला. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा डावा.

ती खुर्चीतून उठली. ही चाल तिला पाठ होती. गेलं वर्षभर, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, या चालीमागून ती दोन्ही हात पसरून चालली होती. पण हे मुद्रण झालं तेव्हा बाबा तिशीत होते. दोन-दोन पायऱ्या गाळत जिने चढायचे.

"काका, त्यांना आधीच कसं कळलं?"

"काय ते?"

"म्हातारपणी आपण असे चालणार ते."

काकांनी रिळाचा खोका उजेडात धरला. "अगं, इथे काहीतरी खरडलंय त्यानं. तूच वाच."

बाबांचं बारीक, तिरकं अक्षर होतं. 'म्हातारा. अण्णांची चाल. पुसू नये.'

अण्णा म्हणजे बाबांचे वडील. तिच्या जन्माआधीच गेलेले. तिच्यासाठी ते भिंतीवरचा, खाली मृत्यूची तारीख लिहिलेला फोटो होते, बस. तो फोटो आता चालत होता. गर्दी दोन्ही बाजूंनी सरकून त्यांना वाट देत होती. भाले खाली झाले होते. अण्णा सावकाश, कुणाचंही न ऐकता, रोम ओलांडत होते.

तिने खोक्यावरची तारीख वाचली. अण्णांना जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.