सोपा झालेला प्रश्न

"वीज चमकल्यावर सहा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती किती दूर पडली?" बारा वर्षं परीक्षेत हाच प्रश्न होता आणि शंभरातल्या तिसेक मुलांनाच तो यायचा. यंदा मात्र फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरल्या एका गावात सहावीच्या एकतीसच्या एकतीस मुलांनी तो बरोबर सोडवला. पेपर फुटला असणार, म्हणून मनिलाहून रोवेना चौकशीला आली. आरोप सिद्ध झाला तर वर्गशिक्षिका नोराइसाबाईंची नोकरी जाणार होती.

"उत्तर फळ्यावर लिहून दिलंत, की कानात सांगितलंत?" तिने भरल्या वर्गातच बाईंना विचारलं.

"तो धडा मी अजून शिकवलेलाच नाही, मॅडम."

"मग काय, आईच्या पोटातून शिकून आली पोरं?"

इतक्यात समोरच्या टेकडीवर तोफगोळा पडून लखकन जाळ उठला. अख्खा वर्ग बाकांखाली शिरला आणि एका सुरात मोजू लागला, "एक... दोन... तीन..." तिसऱ्या आकड्याला कानठळ्या बसल्या, खिडकीच्या काचा उडाल्या आणि रोवेनाचा गाल चिरला गेला. एका मुलीने तिला हाताला धरून खाली ओढलं.



"कालचा गोळा दोन किलोमीटरवर होता, मॅडम, हा एकवर आलाय," ती मुलगी म्हणाली. " आता पळा, पुढचा मोजायला वेळ मिळणार नाही."