तामडी

"बाईच्या हाती यंत्र दिलं का असंच होते," तिच्याबरोबर शिकणारा हरिहर विमलच्या कानाशीच पुटपुटला. तिनं दात आवळले.

अमरावतीच्या कॉलेजातलं ते नवं यंत्र दगडाची कागदाहून पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली आपोआप सरकवी. भिंगातल्या फुलीखाली दर वेळी कोणतं खनिज आलं ते विमल मोजी. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भात भाजून थंडावलेला दगड तो. पण त्यातली तामडी, दगड भाजतानाच वाढणारं ते लालसर खनिज, दर मोजणीला वाढलेली असे. ज्यानं ज्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो चष्मा पुसत निघून गेला. हरिहरसुद्धा.

"आकडे रचता?" तिचे मार्गदर्शक मोरोपंत सर गरजले. "प्रबंध फेकून देईन तुमचा!"

"मग तुमीच पाहा ना, सर!" विमल ताडकन उठली.

सरांनी डोळा लावला. यंत्र टकटक सरकत होतं. चकतीला बोट लागताच चटका बसला नि त्यांनी हात झटकला.

"विमलबाई," ते मान वर न करता म्हणाले, "हा दगड अजून शिजून राहिला."